वाचकांचे प्रश्न : तोंडाच्या कॅन्सरचे उपचार आणि घसरणारं वजन

या अंकासाठी निवडलेली सगळी पत्रं एकाच काळजीची आहेत. ऑपरेशन झालं, रेडिएशन सुरू झालं आणि माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला. उत्तरं आहारतज्ज्ञ आणि गिळण्याच्या तक्रारींवर काम करणारे थेरपिस्ट यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : मिस्टरांचं गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आता शेक (म्हणजे रेडिएशन) चालू आहेत, तिसरा आठवडा आहे. सुरुवातीला वजन ६२ किलो होतं, आज ५७ भरलं. मी दर दोन तासांनी काही ना काही देते. दिवसात चार पेले तांदळाची पेज, तीन वाट्या डाळीचं वरचं पाणी, दोन शहाळी, रात्री कपभर पातळ दूध. तरी वजन उतरतंच आहे. सासरचे म्हणतात, आजार आतून खातोय. खरं आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, तुमच्या कष्टात काहीच कमी नाही. कमी आहे ती पेल्यातल्या अन्नात. तुम्ही लिहिलेल्या पदार्थांचा हिशोब मांडला. पेजेच्या पेल्यात चमचाभर तांदूळ असतो, म्हणजे साधारण ५० कॅलरी. डाळीच्या वरच्या पाण्यात डाळ जवळजवळ नसतेच. शहाळ्याच्या पेलाभर पाण्यात ४५ कॅलरी असतात आणि प्रथिनं नावालाच. सगळं मिळून दिवसाला ५०० कॅलरी आणि जेमतेम १५ ग्रॅम प्रथिनं होतात. पोट भरतंय, पण पाण्यानं.

उपचार चालू असताना शरीराला दर किलो वजनामागे २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. मिस्टरांचं वजन ६० धरलं तर दिवसाला सुमारे १८०० कॅलरी आणि निदान ७२ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे रोज हजारापेक्षा जास्त कॅलरींची तूट पडते आहे. काही रुग्णांत आजार स्वतःही स्नायू झिजवतो हे खरं, पण रेडिएशनच्या काळात उतरलेल्या वजनाचं मोठं कारण पोटात अन्न न जाणं हेच असतं, आणि ते आपल्याला भरून काढता येतं.

त्यांना तोंडानं पातळ घेता येतंय, तर पेला तोच ठेवा आणि आतला ऐवज बदला. सुरुवात दुधापासून करा. एक लिटर म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध घ्या, त्यात ५० ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर घाला. ती साधारण सहा सपाट मोठे चमचे होते, पण एकदा वजनकाट्यावर मोजून डब्यावर खूण करून ठेवा. पावडर आधी थोड्या कोमट दुधात कालवून घ्या. थेट उकळत्या दुधात टाकली तर गुठळ्या होतात आणि तळाला करपते. या एका लिटरमधून सुमारे १०५० कॅलरी आणि ५० ग्रॅम प्रथिनं मिळतात. म्हणजे दिवसाचं निम्म्याहून जास्त काम एका पातेल्यात झालं. हे दूध नुसतं प्यायला हवं असं नाही. खीर, कस्टर्ड, नाचणीचं सत्त्व, जे काही कराल ते याच दुधात करा.

उरलेल्या भागात दोन अंडी (१५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं) कस्टर्डमध्ये शिजवून द्या. कच्चं अंडं दुधात फेटून अजिबात नको, त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. ३० ग्रॅम मूगडाळ आणि ४० ग्रॅम तांदूळ यांची मऊ खिचडी मिक्सरमधून काढा. डाळ खालपर्यंत घोटून घ्यायची, वरचं पाणी काढायचं नाही. दिवसभरात चार चमचे तूप, म्हणजे आणखी १८० कॅलरी. तूप गरम खिचडीत घाला. थंड दुधात त्याचे गोळे होतात आणि घशाला चिकटतात. ३० ग्रॅम नाचणी, ३० ग्रॅम साखर किंवा गूळ. एवढं पोटात गेलं की १८०० कॅलरी आणि ७४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात. अंडं चालत नसेल तर ७० ग्रॅम मऊ पनीर दुधात वाटून घाला, प्रथिनं तितकीच मिळतात.

एक जुनी युक्ती इथे फार उपयोगी पडते. पेजेत पीठ वाढवलं की ती घट्ट होते आणि गिळवत नाही, म्हणून घराघरांत पीठ कमी केलं जातं. त्याऐवजी मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ वापरा. मोड येताना धान्यात जे पाचक द्रव्य तयार होतं ते पिठातल्या स्टार्चचे तुकडे करतं आणि घट्ट पेज आपोआप सैल होते. दाट पेज शिजवून उतरवा, किंचित निवू द्या, चमचाभर मोडाचं पीठ घालून ढवळा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग परत एक उकळी आणा. उकळत्या पेजेतच घातलं तर ते द्रव्य मरतं आणि पेज पातळ होत नाही. याने एका पेल्यात जवळपास दुप्पट पीठ बसतं.

आता वजनाबद्दल. तीन आठवड्यांत ८ टक्के वजन उतरलंय. महिन्यात ५ टक्के उतरलं तरी डॉक्टर त्याची गंभीर दखल घेतात, तेव्हा पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट पाहू नका, उद्याच रेडिएशनच्या ओपीडीत हा आकडा सांगा. दुसरं, रोज डोक्यावर बसवतात तो मास्क सैल लागतोय का, हे मिस्टरांना विचारा. तो मास्क सुरुवातीच्या चेहऱ्यावरून बेतलेला असतो. चेहरा आणि मान बारीक झाली की डोकं आत हलतं आणि किरणं नेमक्या जागी पडत नाहीत. मास्क सैल झाला की टेक्निशियनला सांगायचं; गरज पडल्यास नवा मास्क आणि नवं नियोजन करतात. अशक्तपणामुळे शेक मध्येच बंद पडणं तर त्याहून वाईट, कारण खंड पडला की उरलेल्या कॅन्सरपेशींना वाढायला वेळ मिळतो.

वजन आठवड्यातून दोनदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर करा आणि वहीत लिहा. रोज करू नका, पाण्याच्या चढउतारानं उगाच जीव टांगणीला लागतो.

प्रश्न : बाबांना जिभेचा कॅन्सर आहे. रेडिएशनसोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध चालू आहे. चौथा आठवडा लागला आणि तोंड इतकं सोललंय की पाण्याचा घोट घेतानाही डोळ्यांत पाणी येतं. डॉक्टर अन्नासाठी नाकातून नळी घाला म्हणतात. बाबा ऐकत नाहीत. "नळी लागली म्हणजे संपलं," असं म्हणतात. समजूत कशी घालू?
— एक मुलगा, डोंबिवली

उत्तर : बाबांना आधी वेळापत्रक सांगा. हे दुखणं कधी थांबणार हे कळलं की माणसाला धीर येतो. तोंड येणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, रेडिएशन संपताना सर्वांत जास्त असतं, संपल्यावरही दोनेक आठवडे तसंच राहतं आणि मग हळूहळू भरतं. ऑपरेशननंतरचं रेडिएशन सहसा सहा आठवड्यांचं, ऑपरेशनशिवायचं सात आठवड्यांपर्यंतचं. म्हणजे पुढचे पाच-सात आठवडे ओढून न्यायचे आहेत. नळी तेवढ्यासाठीच आहे. तोंड भरलं, वजन स्थिर झालं, पुरेसं अन्न तोंडानं जाऊ लागलं की ती काढतात, आणि काढायला एक मिनिटही लागत नाही. नळी असतानाही, गिळताना ठसका लागत नसेल आणि डॉक्टरांची परवानगी असेल, तर दिवसातून काही घोट तोंडानं घ्यायचेच. गिळण्याचे स्नायू आठवडेच्या आठवडे बसून राहिले तर नंतर चालू व्हायला कुरकुरतात.

नळीचा निर्णय भावनेवर सोडू नका, आकड्यांवर घ्या. तीन दिवस बाबांनी काय आणि किती घेतलं ते लिहा. गरजेच्या निम्म्याहून कमी जात असेल आणि पुढच्या आठवडाभरात सुधारणेची शक्यता दिसत नसेल, तर नळी आजच घालावी असं आमचं मत आहे. दहा किलो उतरल्यावर घातलेली नळी वजन परत आणत नाही, फक्त घसरण थांबवते. चार आठवड्यांहून जास्त काळ लागेल असं दिसलं तर पोटातून घालायची पेग नळीही असते. ती कपड्याखाली झाकली जाते, नाकाला टोचत नाही. बाबांना लोकांच्या नजरेची लाज वाटत असेल तर डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा.

गेले पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच गेलं नसेल तर एक धोका लक्षात ठेवा. उपाशी शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्यानं खाली येतं आणि हृदयावर ताण येऊ शकतो. अशा वेळी पहिले काही दिवस रुग्णालयात रक्त तपासत, थोड्यावरून वाढवत न्यायचं असतं. घरी "आता नळी आहे, दाबून देऊ" असं करू नका.

दुखण्यावर पुरेसं औषध घेतलं जात नाही, हे आम्हाला वारंवार दिसतं. वेदनाशामक "फार दुखलं तर" घ्यायचं नसतं; घड्याळ लावून, जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचं असतं. मॉर्फिन लिहून दिलं तर घाबरू नका. या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागेल म्हणून उपाशी राहणं हा तोट्याचा सौदा आहे. त्याने बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या दुकानातून आणून देऊ नका. सिस्प्लॅटिनचा मूत्रपिंडावर आधीच भार असतो, त्यात या गोळ्या भर घालतात. त्याच कारणानं अन्नासकट दिवसाला दोन लिटरच्या आसपास द्रव जायला हवा. लघवी गडद पिवळी झाली किंवा उठताना चक्कर आली तर त्याच दिवशी कळवा, सलाइन लागू शकतं.

चुळांसाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा. रोज ताजं करायचं, जागेपणी दर दोन तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर चूळ. झोंबलं तर मीठ निम्मं करा. दुकानातल्या अल्कोहोल असलेल्या माउथवॉशनं आग वाढते. तोंड बधिर करणारी जेल दिली असेल तर ती लावून लगेच गरम काही देऊ नका, भाजलेलं कळत नाही. गिळतानाही सावध राहायला सांगा. दही लागावं तसे पांढरे थर जिभेवर दिसले तर ती बहुधा बुरशी असते. तिचं औषध वेगळं आहे आणि ते सुरू झालं की दोन-चार दिवसांत खाणं सुधारतं. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर केमोच्या रुग्णानं घरी थांबायचं नाही.

प्रश्न : आईला नाकातून नळी आहे. पंधरा दिवसांत तीनदा तुंबली, तीनदा गाडी करून जिल्ह्याच्या गावी नेली. आम्ही खिचडी, भाज्या सगळं मिक्सरला लावून देतो.
— एक वाचक, अमरावती जिल्हा

उत्तर : तुंबण्याची कारणं बहुतेक वेळा तीनच असतात. गाळण्याची कसूर, पाण्याची चालढकल आणि गोळ्यांची पूड.

नळीचं खाणं मिक्सरमधून काढल्यावर बारीक जाळीच्या गाळणीतून गाळाच. भाजीचे धागे, टोमॅटोची साल, मिरचीचं बी, रव्याचा कण यांतलं काहीही पुरेसं असतं. गाळल्यावर ते पातळ ताकासारखं वाहिलं पाहिजे. घट्ट झालं तर नुसतं पाणी ओतू नका, दूध घाला किंवा वर सांगितलेलं मोडाच्या नाचणीचं पीठ वापरा. एका वेळी २०० ते २५० मिली, दर दोन-अडीच तासांनी, दिवसात सात-आठ वेळा. ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून नळीला लावा, वीतभर उंच धरा आणि अन्न आपल्या वजनानं उतरू द्या. १५ ते २० मिनिटं लागली पाहिजेत. दट्ट्यानं ढकललं की मळमळतं, जुलाब होतात. फ्रिजमधलं थेट देऊ नका. आणि बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं फेकून द्या, विशेषतः उन्हाळ्यात.

प्रत्येक वेळी अन्नाआधी आणि नंतर ३० ते ५० मिली कोमट पाणी सोडायचं. नळी रात्रभर रिकामी राहत असेल तरी झोपताना शेवटचं पाणी चुकवू नका. दुधानंतर लगेच लिंबूपाणी किंवा मोसंबीचा रस सोडला तर दूध नळीतच फाटतं आणि गुठळी बसते. मध्ये पाणी हवं. औषधं शक्यतो सिरपच्या रूपात मागा. गोळी द्यावीच लागली तर एकेक वेगळी, मैद्यासारखी बारीक करून, पाण्यात विरघळवून. हळूहळू विरघळणाऱ्या किंवा वरून खास थर असलेल्या गोळ्या कुटायच्याच नसतात, तेव्हा कुठल्या चालतात ते डॉक्टरांना विचारून यादी करून घ्या.

तरी तुंबलीच तर कोमट पाण्याची सिरिंज लावून हलक्या हातानं पुढे-मागे करा, थोडं थांबा, परत करा. जोर लावायचा नाही, तार किंवा काडी घालायची नाही.

नळीतून अन्न देताना आईला बसवा, किंवा पाठीखाली उशा लावून निदान ३० ते ४५ अंश उंच ठेवा आणि नंतर तासभर आडवं होऊ देऊ नका. नाकपुडीशी नळीवर पेननं खूण करा. खूण बाहेर सरकलेली दिसली किंवा देताना खोकला, धाप लागली, तर थांबा. ती नळी आता पोटात असेलच असं नाही. निघून आलेली नळी घरी परत घालू नका, विशेषतः तोंडात शस्त्रक्रियेचे टाके किंवा शरीराच्या दुसऱ्या भागातून काढून लावलेलं मांस असेल तेव्हा.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर वाचलं की साखर आणि दूध कॅन्सरला वाढवतात, म्हणून काकांचं दोन्ही बंद केलं. गव्हांकुराचा रस आणि काढे चालू आहेत. बरोबर ना?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. साखर तोडून गाठ उपाशी मरत नाही. शरीर स्वतःच्या स्नायूंपासून साखर तयार करतं आणि काका तेवढे वाळतात. दूध हे मऊ, स्वस्त आणि गिळायला सोपं प्रथिन आहे, ते आजच सुरू करा. दुधानं पोट फुगून जुलाब होत असतील तर दही-पनीर, सोयाबीनचं दूध, अंडी यांकडे वळा. काढे केमोच्या काळात डॉक्टरांना न सांगता देऊ नका. मधुमेह असेल तर नुसती साखर टाळा, पण एकूण खाणं कापू नका; अन्न पुरेसं ठेवून इन्सुलिन किंवा गोळ्यांचं प्रमाण डॉक्टरांकडून बदलून घ्यायचं.

प्रश्न : माझं तोंड एक बोटभरच उघडतं. आधी गुटख्यामुळे आणि आता ऑपरेशन-रेडिएशनमुळे. चमचा आत जात नाही, घरात सगळे जेवत असताना मी उठून जातो. वजन ४९ वर आलं आहे.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : चमच्याचा नाद सोडा, त्यानं तुमची भूक आणि वेळ दोन्ही जातात. मऊ प्लॅस्टिकची दाबायची बाटली घ्या, तिला बोटभर लांब मऊ नळी जोडा आणि टोक ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या गालात, मागच्या दातांजवळ ठेवून थोडं थोडं दाबा. ओठ नीट मिटत नसतील तर स्ट्रॉनं ओढता येत नाही, म्हणून बाटली बरी. एका बैठकीला पाऊण तास लागला तरी लागू द्या. दिवसातून सहा वेळा २५० मिली घट्ट दूध-पेज-खिचडी गेली तर ४९ चा आकडा धरून ठेवता येतो. घरच्यांसोबत बसा, तुमची बाटली हेच तुमचं ताट आहे.

तोंड साधारणपणे आपलीच तीन बोटं उभी मावतील इतकं, ४० मिलिमीटरच्या आसपास उघडतं. ३५ च्या खाली आलं की त्यावर इलाज सुरू करायचा. सर्जननं परवानगी दिल्यावर आइस्क्रीमच्या लाकडी चपट्या काड्या घ्या. एकावर एक ठेवून जितक्या दातांमध्ये बसतात तितक्या बसवा आणि ३० सेकंद धरा. असं पाच वेळा, दिवसातून चार-पाचदा. काही दिवसांनी गड्डीच्या मध्ये एक काडी वाढवा. ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये. गरम पाण्याचा कपडा आधी गालाला लावू नका, रेडिएशनची त्वचा भाजते. रेडिएशननं स्नायू आखडण्याची क्रिया उपचार संपल्यावरही महिनोन् महिने चालू राहते, म्हणून व्यायाम तेव्हाही थांबवायचा नाही. काड्यांची संख्या वजनाच्या वहीतच लिहा. आणि गुटखा अजून पूर्ण सुटला नसेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ वर फोन करा, तो मोफत आहे.

प्रश्न : आजोबांना खिचडी जाते, पण पाणी प्यायलं की ठसका लागतो. म्हणून ते पाणीच पीत नाहीत.
— एक नात, रत्नागिरी

उत्तर : पाणी पातळ आणि वेगवान असतं; घशाचं दार बंद व्हायच्या आत ते श्वासनलिकेकडे निसटतं. खिचडी सावकाश जाते म्हणून चालते. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता होतो का ते ऐका. तसं होत असेल, ताप येऊन-जाऊन असेल किंवा छातीत कफ वाजत असेल, तर थेंब फुफ्फुसात जात असण्याची शक्यता आहे. गिळण्याच्या थेरपिस्टला दाखवेपर्यंत मान मागे टाकून पाणी प्यायला देऊ नका. ताठ बसवून, चमच्यानं, एका वेळी एक चमचा द्या आणि लक्ष दुसरीकडे जाईल असं बोलू नका. किती दाट केलं की सुरक्षित जातं हे थेरपिस्ट तपासून ठरवतात. ते अंदाजानं ठरवायचं नसतं. तोवर पाण्याची भर दुधाळ खीर आणि पेजेतून काढा, आणि त्यानंही ठसका लागला तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

प्रश्न : उपचार संपून तीन महिने झाले. वजन स्थिर आहे, पण चव नाही, तोंड कोरडं. भाकरी कधी खाता येईल?
— एक वाचक, सातारा

उत्तर : भाकरी आजही खाता येईल, कुस्करून, गरम आमटीत किंवा दुधात दहा मिनिटं भिजवून आणि वर तूप सोडून. चव परतायला काही आठवडे ते काही महिने लागतात. तिखट अजून झोंबत असेल तर जिरं, धणे, वेलची, भाजलेलं खोबरं असे सुवासिक पदार्थ वापरून पाहा, वास चवीला हात देतो. कोरडेपणा मात्र पूर्ण जाईलच असं नाही. पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि दातांना फ्लोराइड लावायचं दंतवैद्यांकडून शिकून घ्या, कारण लाळ कमी असलेल्या तोंडात दात झपाट्यानं किडतात. दात काढायची वेळ आली तर रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू देऊ नका. किरणं पडलेल्या जबड्यातली जखम सहजी भरत नाही आणि हाड सडू शकतं. मानेवर रेडिएशन झालं असेल तर दर सहा ते बारा महिन्यांनी थायरॉइडची टीएसएच नावाची रक्ततपासणी करून घ्या. आणि स्थिर झालेलं वजन काही कारण नसताना परत उतरू लागलं, महिन्यात दोन-तीन किलो, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, वही घेऊन लगेच डॉक्टरांना भेटा.